दुसरा अंतरा

"आणखी एकदा," मी म्हणालो.

दस्तगीर मेस्त्रीनं हातातला रंधा खाली ठेवला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. मी डोळे मिटून ऐकत होतो. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटली, परत आली आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी झणझणत विरली.

"घुमतंय," मी म्हणालो.

"घुमणारच की मास्तर. मोकळी खोली हाय. माझ्या घरात तेरा माणसं हायत, एक शब्द घुमत न्हाई."

दाराशी आई चहाचे कप घेऊन उभी होती. दोन माणसं रिकाम्या खोलीत टाळ्या पिटताहेत, हे ती बराच वेळ बघत असावी. "आरती झाली असली तर चहा घ्या," ती म्हणाली आणि कप टेकवून खाली गेली.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, इचलकरंजीची. मी तिथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आठवीचा 'ध्वनी' हा पाठ सलग सहा वर्षं शिकवल्यामुळे आवाजाविषयी माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस पंचक्रोशीत नाही, अशी माझी समजूत होती. नोकरी कायम झाल्यावर ठेवलेली भरघोस मिशी त्या समजुतीला शोभून दिसायची. आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ती मिशी बघवत नसे. "मिशी ठेवल्यापासनं तू पुटपुटायला लागलाईस," असं ते येताजाता म्हणत. बापाला मुलाची मिशी खुपतेच, म्हणून मी तिकडं लक्ष देत नव्हतो.

आण्णांनी एक्केचाळीस वर्षं यंत्रमाग चालवले. एका शेडमध्ये चोवीस माग, त्यातले चार यांच्याकडं. आमच्या गावात माग कधी थांबत नाहीत. पाळणाघरापासून स्मशानापर्यंत खटाखट ऐकत माणूस जातो आणि परगावी गेला की झोप येत नाही म्हणून तक्रार करतो. त्या खटखटीत आण्णांनी एकच गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. एकदा माग सुटला की निवांत बसून गाणी ऐकायची. त्यांच्या खाटेखाली एका खोक्यात त्रेसष्ट तबकड्या होत्या. वाजवायचं यंत्र मी शाळेत जायला लागण्याआधीच बिघडलं होतं, तरी दर दिवाळीला ते खोकं ओढून काढत, एकेक तबकडी मऊ फडक्यानं पुसत आणि परत ठेवून देत.

त्यातली एक त्यांचा जीव की प्राण. कुणी एक मुलगी, तिच्या दोनच तबकड्या निघाल्या आणि पुढं तिचं काय झालं कुणालाच माहीत नाही. आण्णांनी ती लग्नाच्या वर्षी घेतली होती. 'सांज कलंडली विहिरीवरती, घागर माझी रिती गं' असा तिचा मुखडा. तो आणि पहिला अंतरा आण्णा दाढी करताना गुणगुणत. दुसरा अंतरा त्यांना आठवत नव्हता.

"दुसऱ्या अंतऱ्यात ती काहीतरी लई भारी बोललीया," ते म्हणायचे. "तुझी आई तवा माहेराला गेलती. मी एकला बसून ऐकलं आन् माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता शब्दच आठवंनात बघ."

म्हणून ते निवृत्त झाल्यावर मी कोल्हापुरातून जुना पण चांगला रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणले आणि माडीवरच्या रिकाम्या खोलीत मांडले. आण्णांनी धुतलेला सदरा घातला, खुर्चीत बसले, तबकडी स्वतःच्या हातानं ठेवली. गाणं सुरू झालं. त्यांचा चेहरा आधी फुलला, मग कपाळावर आठी पडली. त्यांनी बटण फिरवून आवाज मोठा केला. आणखी मोठा केला. खाली फळीवरची भांडी थरथरली.

"सगळं गोळा होऊन यायलंय," ते शेवटी म्हणाले. "शब्द सुटंनात."

मला दुसरा अंतरा चांगला ऐकू आला होता. जुन्या तबकडीची खरखर होती, खोली घुमत होती, तरी आला होता. "मी सांगू का शब्द?" मी विचारलं.

"अजाबात न्हाई!" आण्णा एकदम म्हणाले. "मला तिच्या तोंडनं ऐकायचंय."

मी टाळी वाजवून बघितली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. उघड्या भिंती, फरशी, वर स्लॅब. ध्वनीचं परावर्तन! शब्द भिंतीवर आपटून एकमेकांत मिसळत होते. पुस्तकातलं उदाहरण माझ्याच घरात निघालं, याचा मला खरं तर आनंदच झाला.

शिवाय आण्णांचे कान भारी तिखट, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी आईच्या कानात कुजबुजलेलं ते पलीकडच्या खोलीतून पकडायचे. एकदा शाळेतल्या मारामारीबद्दल मी धाकट्या बहिणीला अगदी दबक्या आवाजात सांगितलं, तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दोरीवर धोतर वाळत घालणारे आण्णा तिथनंच ओरडले, "कुणाचं डोसकं फोडलंस?" अशा कानांना साध्या खोलीत समाधान कसं मिळणार? खोली त्यांच्या तोडीची व्हायला पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं.

आधी जमिनीवर सतरंजी घातली, तिच्याखाली जुन्या गाद्या पसरल्या. आण्णा आले, बसले, ऐकलं. "आलं का?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मी मिशीवरचा कापूस झटकून पुन्हा विचारलं.

"बरं हाय की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण शब्द न्हाईत."

मग भिंती. बाहेरगावची माणसं यासाठी काय वापरतात मला माहीत नव्हतं, पण आमच्या गावात एका गोष्टीला तोटा नाही. कुठल्याही शेडच्या मागं सुताच्या कचऱ्याचे ढीग पडलेले असतात. मी पोत्यांनी तो आणला. दस्तगीरनं लाकडी चौकटी केल्या, आम्ही त्यांत कचरा दाबून भरला, वरून मांजरपाट ताणून खिळे मारले आणि अशा चौदा चौकटी भिंतींवर चढवल्या. कोपऱ्यांत ढोलकासारखा हुंकार राहिला होता, म्हणून तिथं भरलेली पोती छतापर्यंत रचली. आठ दिवस माझ्या नाकातून सूत निघत होतं.

"घराचं गोडाऊन केलास," आई म्हणाली. "आता पावती पुस्तक तेवढं छाप."

आण्णांचा निकाल तोच. उलट या वेळी ते जरा अवघडून म्हणाले, "रागवू नकोस उदय, पण आदी जास्ती ऐकू यायचं."

मला राग आलाच. पण मास्तर हार मानत नसतो. मी रात्रंदिवस त्या खोलीचाच विचार करू लागलो. वर्गात पोरं उत्तरं देत आणि मी फळ्यावरून आवाज कसा परततो ते ऐकत बसे. छताला कापड ताणलं. दाराला रबराची पट्टी ठोकली. शेवटी लक्षात आलं की खरा शत्रू बाहेर आहे. गल्लीतल्या मागांची खटखट दोन खिडक्यांतून बारा महिने चोवीस तास आत येत होती, तिच्यात शब्द बुडणारच. मग दोन्ही खिडक्यांवर दस्तगीरनं दुहेरी फळ्या ठोकल्या आणि मधे कापूस भरला.

फळ्या बसल्यावर आम्ही दार लावून घेतलं, दिवा लावला आणि गप्प उभे राहिलो. खटखट गेली होती. दस्तगीरनं टाळी वाजवली. टाळी झाली आणि संपली.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "कबरीत असं वाटत असंल."

मला तर नाचावंसं वाटत होतं.

येत्या रविवारी दुपारी उद्घाटन ठरलं. आण्णांनी तात्या मुसळ्यांना बोलावलं. तात्या तरुणपणी चार वर्षं आण्णांच्या शेजारच्या मागावर होते. नंतर ते काम सोडून त्यांनी चहाची गाडी टाकली आणि भजनी मंडळात गाऊ लागले. आईनं भडंग केलं होतं. दस्तगीर नवा सदरा घालून आला होता.

"ह्यो शेडमदी दिवसभर गायचा," आण्णा तात्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "चार वर्षं मी ह्याचं गाणं बघितलंय."

"बघितलंय?" मी हसलो.

"मग काय तर! चोवीस माग चालू असताना ऐकतंय कोण? समदी ओठ बघून बोलायची. मालक समोर आला की आम्ही त्याला तोंडावर शिव्या द्यायचो, आवाज न करता. त्यो म्हणायचा, काय म्हणतोस रे दत्तू? मी म्हणायचो, नमस्कार म्हणतोय मालक."

सगळे पोट धरून हसलो. मग मी गंभीर चेहरा करून तबकडी लावली. आण्णा पुढं झुकून बसले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसरा सुरू झाला, तशी त्यांनी मान कलती केली, डोळे घट्ट मिटले, उघडले, स्पीकरकडं असं बघितलं की जणू तो आत्ता काही दाखवील. गाणं संपलं. त्यांनी मान हलवली.

"आता काय राहिलं?" मी ओरडलोच. "महिना झाला आण्णा! जमीन केली, भिंती केल्या, खिडक्या बुजवल्या. आता काय माझ्या अंगावर कापूस चिकटवू?"

"तुझी चूक न्हाई पोरा," आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तबकडीच म्हातारी झाली असंल. न्हाईतर मीच. जाऊ दे. नशिबात न्हाई ते गाणं."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'जाऊ दे' कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

तात्यांनी वेळ सावरून घेतली. "खोली बघायला आलोय, तर गाऊन तरी बघतो," असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं, आण्णांच्या गुडघ्याला गुडघा लागेल असे समोर बसले आणि भजन सुरू केलं. पेटी नाही, तबला नाही. वयानं पातळ झालेला आवाज, पण सुरात. आणि आण्णांचा चेहरा उजळला. ते मांडीवर ताल धरू लागले. ओळ संपायच्या आत तिचा शेवटचा शब्द तात्यांच्या बरोबरीनं म्हणू लागले.

"बघ!" ते मला म्हणाले. "शब्द न् शब्द येतोय! खोली झकास झालीया रे उदय! दोष तबकडीतच हाय."

मला स्वर्ग दोन बोटं उरला. म्हणजे खोली जिंकली होती! आता नुसती सुई बदलायची. मी लगेच प्लेअरवर वाकलो, आणि दिवे गेले.

रविवारी तीन ते पाच वीज जायची, हे उद्घाटनाच्या नादात मी विसरलोच होतो. एरवी कधी न थांबणारे गावातले माग वीज गेली की मात्र एकदम थांबत. बाहेर शांतता आणि आत खिडक्या बुजवलेल्या. दुपारचे तीन वाजले होते, पण डोळ्यांत बोट घातलं तरी दिसलं नसतं. तात्या मात्र पक्के भजनी. दिवे गेले म्हणून गाणं तोडतील तर तात्या कसले? ते गातच राहिले. खरं सांगतो, तसा आवाज मी त्यानंतर कुठं ऐकलेला नाही. घुमणं नाही, खरखर नाही, मागं खटखट नाही. नुसता एक म्हातारा गळा, त्याचा श्वाससुद्धा वेगळा कळत होता. मी अंधारात हसत उभा होतो. माझी खोली तयार झाली होती.

आणि त्या गाण्याच्या मधेच आण्णा मोठ्यानं म्हणाले, "गा की रे तात्या! लाईट गेली म्हणून थांबलास व्हय?"

तात्या गात होते.

"तात्या?" आण्णा पुन्हा म्हणाले. "हाईस का गेलास?"

तात्यांचा आवाज अडखळला, मग थांबला. "मी थांबलो न्हवतो रे दत्तू," ते म्हणाले.

दस्तगीरनं चाचपडत दार उघडलं. जिन्यातला उजेड आत आला. आण्णा तात्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली आणि खाली पळालो.

आई स्वयंपाकघरात होती. "आई, आण्णांना ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय! तुला माहीत होतं?"

"आरं, तीस वर्षं मी त्यांच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हातीया. ते काय त्यांचं थोबाड बघायला?" तिनं कढई उतरवली. "मला वाटलं तुला ठावं हाय. मास्तर न्हवं तू?"

मी तिथंच पाटावर बसलो. एकेक गोष्ट आठवू लागली. आई बोलताना त्यांच्या समोर येऊन उभी राहायची, तो मला तिचा दरारा वाटायचा. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नसत, 'त्यातली माणसं खिडकीकडं तोंड करून बोलत्यात' म्हणायचे; मी ती मोठी रसिक टीका समजून शिक्षकांच्या खोलीत सांगितली होती. माझी कुजबुज त्यांनी पकडली होती ती डोळ्यांनी. आणि मी कानाची आकृती फळ्यावर काढून सहा वर्षं पोरांना नावं द्यायला लावत होतो! मला हुंदका आला. आईनं भडंगाची वाटी माझ्यापुढं सरकवली.

थोड्या वेळानं आण्णा खाली आले आणि माझ्यासमोर बसले.

"शेडमदी कुणालाच ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "समदी अशीच. मला वाटलं, वय झालं की माणसाला एवढंच ऐकू येत असंल." मग म्हणाले, "खोली लई चांगली केलीस पण. तात्या म्हणाला, असा आवाज त्याला देवळात पण लागला न्हाई."

मला बरं वाटावं म्हणून ते बोलत होते. ते बघून मला आणखीच वाईट वाटलं.

पुढं आम्ही त्यांना कोल्हापूरला दाखवलं, कानाचं यंत्रही आलं. ते घालून बाजारात गेले की त्यांना बरं पडे, पण गाणं मात्र त्यातून 'पिपात बसल्यागत' येतं म्हणायचे. ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला दांडी मारली आणि दस्तगीरला बोलावलं.

"खिडक्यांच्या फळ्या काढ."

"मास्तर, परवा तर ठोकल्या!"

"उजेड पाहिजे."

"उजेडाचा आन् गाण्याचा काय संबंध?"

"आहे," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं पक्कड घेतली. सकाळचं ऊन खोलीत आलं आणि त्याच्याबरोबर खटखटही.

मी आण्णांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, स्टूल घेऊन खिडकीकडं तोंड करून त्यांच्या समोर बसलो आणि तबकडी लावली. मला गाता येत नाही. घरात मी गुणगुणलो तरी आई काही पडलं का म्हणून विचारते. पण आवाज काढायचाच नव्हता. ती मुलगी गाऊ लागली आणि तिच्या प्रत्येक शब्दाला मी नुसते ओठ हलवू लागलो. आण्णा आधी गोंधळले. मग त्यांना कळलं. ते हसले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसले, मागावर तुटलेला धागा शोधताना बघत असतील तसे. मुखडा गेला. पहिला अंतरा त्यांनी माझ्याबरोबर म्हटला. दुसरा आला.

"थांब," आण्णा म्हणाले. "दोर पुरेना... पुढं काय? पुढचं मिशीत गेलं."

मी सुई उचलली, खाली गेलो, आरशासमोर उभा राहिलो आणि आण्णांच्याच वस्तऱ्यानं पाच वर्षांची मिशी उतरवली. घाईत दोन ठिकाणी कापलं. मागून आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आमचा उदय!"

वर आलो तेव्हा ओठावर रक्ताचा ठिपका होता आणि उघड्या कातडीला वारा झोंबत होता. सुई ठेवली. दुसरा अंतरा आला.

'दोर पुरेना, पाणी खोल, हाक तरी दे कुणी गं.'

आण्णांचे ओठ माझ्यामागून हलले. मग त्यांनी ती ओळ मोठ्यानं म्हटली. तोवर ती मुलगी पुढं निघून गेली होती, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

"हेच," ते म्हणाले. "हेच म्हणायची ती." धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. "परत लाव."

ते होते तोवर रोज संध्याकाळी शाळेतून आलो की मी स्टुलावर बसायचो. त्रेसष्टच्या त्रेसष्ट तबकड्या मला पाठ झाल्या. आण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. बायको अधूनमधून म्हणते, तुम्हाला मिशी शोभली असती. मी अजून ठेवलेली नाही.